एका बांकावर

शाळेच्या दाराशीं ‘सर्वांस प्रवेश खुला आहे’ अशी पाटी लावणें ही कांहीं मोठी अवघड गोष्ट नव्हे. अवघड प्रसंग त्यापुढचा असतो. ज्याला आजवर कोणीं उंबऱ्याच्या आंत घेतलें नव्हतें असा एक मुलगा ती पाटी वाचून खरोखरच आंत येतो, बांकावर बसतो, आणि शेजारचा मुलगा आपलें दप्तर उचलून निघून जातो. अशा वेळीं शाळेनें कोणाला जपावयाचें? जाणाऱ्याला, कीं बसलेल्याला? समतेची भाषा बोलणाऱ्या प्रत्येक विद्यालयाची परीक्षा या एका क्षणीं होते. आणि जें विद्यालय धर्माच्या नांवानें चालतें त्याची तर अधिकच कसून होते.

ख्रिस्ती शाळांपुढें हा प्रसंग अमेरिकेंत जितक्या उघड स्वरूपांत आला तितका इतरत्र क्वचितच आला असेल. तेथें एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास गुलाम बाळगणारा धनी आणि त्याच्या मळ्यांत राबणारा गुलाम हे दोघेही बहुधा एकाच ख्रिस्ताला भजत असत. दोघांचा धर्मग्रंथ एक, प्रार्थना एक. परंतु एकाला तो ग्रंथ स्वतः वाचण्याची मुभा होती, आणि दुसऱ्याला अक्षर शिकविणें हाच अनेक राज्यांत गुन्हा होता. अशा त्या देशांत, गुलामगिरी चालू असलेल्या केंटकी राज्यांत, बेरिया नांवाचें एक लहानसें ख्रिस्ती विद्यालय निघालें. काळ्या व गोऱ्या मुलांस एका बांकावर बसवावयाचें हा त्याचा संकल्प होता. तो संकल्प त्यानें पाळला, पुढें आपल्या हातानें सैल केला, मग कायद्यानें तो पुरता हिरावून घेतला, आणि शेवटीं सेहेचाळीस वर्षांनीं तो पुन्हा हातीं आला. या इतिहासांत आदर्श जितका आहे तितकाच इशाराही आहे.

या विद्यालयाचा संस्थापक जॉन ग्रेग फी हा १८१६ सालीं केंटकींतील ब्रॅकन परगण्यांत जन्मला. त्याचा बाप स्वतः गुलामांचा धनी होता. सिनसिनाटी येथील लेन धर्मविद्यालयांत शिकत असतां गुलामगिरी हें पाप आहे अशी या तरुणाची खात्री पटली, आणि घरीं परत येऊन त्यानें पहिला उपदेश आपल्या बापालाच केला. त्याचें फळ म्हणून त्याला वारशास मुकावें लागलें. बापाच्या पदरीं ज्यूलेट माइल्स नांवाची एक गुलाम स्त्री होती. जॉन फीनें पैसे मोजून तिला बापाकडून विकत घेतलें आणि मुक्त केलें. परंतु तिचीं मुलें गुलामच राहिलीं. १८५८ सालीं त्या मुलाबाळांना ओहायो नदीपलीकडे नेण्याच्या प्रयत्नांत ती पकडली गेली, आणि केंटकीच्या तुरुंगांतच तिचा अंत झाला. समता हा शब्द जॉन फीला कोणत्या शाळेंत शिकावा लागला, हें एवढ्यावरून कळून येईल.

त्याला ज्या संस्थेचा आधार मिळाला तिचें नांव ‘अमेरिकन मिशनरी असोसिएशन’. ही संस्था १८४६ सालीं निघाली. जुनें ‘अमेरिकन बोर्ड’ गुलामधन्यांशीं संबंध तोडावयास तयार होईना, म्हणून कांहीं लोकांनीं ही निराळी चूल मांडली. ‘अमेरिकन बोर्ड’ हें नांव मराठी श्रोत्यांस परकें नाहीं. १८१३ सालीं मुंबईस आणि १८३१ सालीं अहमदनगरास ज्या अमेरिकन मिशनऱ्यांनीं आपलें ठाणें बसविलें ते याच बोर्डाचे. ज्या मंडळानें आपल्याकडे मुलींसाठीं शाळा काढल्या, त्याच मंडळाला स्वदेशांतील गुलामगिरीविषयीं स्पष्ट शब्द काढण्याचा धीर होत नव्हता. दूरदेशींचा अन्याय डोळ्यांत भरावा आणि अंगणांतला दिसूं नये, ही मनुष्यस्वभावाची जुनी रीत आहे. ती एका देशाची किंवा एका धर्माची नव्हे.

कॅशस क्ले नांवाच्या गुलामगिरीविरोधी जमीनदारानें दिलेल्या जमिनीवर जॉन फीनें वसाहत केली, आणि १८५५ सालीं तेथें एका खोलीची शाळा उभी राहिली. रविवारीं तीच प्रार्थनेची जागा होई. ‘प्रेषितांचीं कृत्यें’ या पुस्तकाच्या सतराव्या अध्यायांत बेरिया गांवच्या लोकांची मोकळ्या मनाचे म्हणून वाखाणणी आहे. तेंच नांव या वस्तीला दिलें. त्याच अध्यायांत, देवानें सर्व राष्ट्रें एका रक्तापासून निर्माण केलीं, अशा अर्थाचें वचन आहे. तें विद्यालयाचें ब्रीद झालें.

परंतु ब्रीद ठरलें म्हणजे शाळा चालली असें होत नाहीं. १८५९ च्या आक्टोबरांत जॉन ब्राउन यानें गुलामांच्या मुक्ततेसाठीं हार्पर्स फेरी येथील सरकारी शस्त्रागारावर हल्ला केला, आणि सगळा दक्षिण प्रदेश भयानें व संतापानें पेटला. डिसेंबरांत साठ एक हत्यारबंद माणसें बेरियांत आलीं, आणि दहा दिवसांत राज्य सोडून जा, असें शिक्षकांस बजावून गेलीं. त्यांनीं गव्हर्नराकडे दाद मागितली; त्यानें संरक्षण देण्यास असमर्थता दाखविली. नाताळानंतर छत्तीस स्त्रीपुरुष व मुलें गांव सोडून ओहायो नदीपार गेलीं. शाळा बंद पडली.

पुढें यादवी युद्ध सुरू झालें. केंटकींत ‘कँप नेल्सन’ येथें मोठी लष्करी छावणी होती. १८६४ मध्यें सैन्यांत भरती झाल्यास स्वातंत्र्य मिळतें हें कळतांच हजारों गुलाम तेथें लोटले. त्यांच्या मागोमाग त्यांच्या बायकामुलांनींही आसरा घेतला. त्या वर्षाच्या नोव्हेंबरांत, कडाक्याच्या थंडींत, छावणीच्या अधिकाऱ्यानें सुमारें चारशें बायकामुलांना बाहेर हांकलून दिलें, आणि त्यांपैकीं शंभरांहून अधिक दगावलीं. या प्रकारानें देशभर बोभाटा झाला, आणि १८६५ च्या मार्चमध्यें सैनिकांच्या बायकामुलांस मुक्त करणारा कायदा झाला.

जॉन फी १८६४ च्या उन्हाळ्यापासून या छावणींत शिकवीत होता. तेथील एक प्रसंग मराठी माणसाला मुद्दाम समजावून सांगावा लागणार नाहीं. छावणीच्या शाळेंत शिकविण्यासाठीं त्यानें बेल मिचेल नांवाच्या एका सुशिक्षित कृष्णवर्णीय तरुणीला आणलें आणि जेवणाच्या वेळीं इतर शिक्षकांच्या पंगतीला बसविलें. तिला पाहतांच गोरे शिक्षक व अधिकारी अस्वस्थ झाले; पुष्कळांनीं तिच्या पंगतीला जेवण्याचें नाकारलें. ध्यानांत घेण्यासारखी गोष्ट अशी कीं, हे शिक्षक गुलामांचे धनी नव्हते. ते गुलामांच्या मुलांना शिकविण्यासाठींच आपणहून तेथें आलेले धर्मशील लोक होते. काळ्या मुलांस शिकविणें त्यांस पुण्यकर्म वाटत होतें. काळ्या शिक्षिकेच्या शेजारीं जेवणें मात्र त्यांना साधेना. दया करणें आणि बरोबरीनें वागविणें यांत केवढें अंतर आहे, हें याहून स्पष्ट कोणत्या ग्रंथांत सांपडेल? जॉन फीनें तिला उठविण्यास साफ नकार दिला. पण तो कांहीं दिवस बाहेरगांवीं गेला, तेवढ्यांत वरिष्ठांनीं तिला कामावरून दूर केलें. एका माणसाच्या निश्चयावर उभी असलेली समता त्या माणसाची पाठ वळेपर्यंतच टिकते, हा त्या प्रसंगाचा दुसरा धडा. बेल मिचेल पुढें बेरियांत शिकली, आणि लेक्सिंग्टन शहरांत १८९२ सालीं अनाथ मुलांसाठीं जो आश्रम निघाला त्याच्या संस्थापकांत ती प्रमुख होती.

युद्ध संपल्यावर १८६६ सालीं बेरियाची शाळा पुन्हा उघडली. त्या मार्चमध्यें तीन कृष्णवर्णीय विद्यार्थी वर्गांत येऊन बसले, आणि जवळजवळ अर्धीं गोरीं मुलें उठून चालतीं झालीं. आरंभीं ज्या क्षणाचा उल्लेख केला तो हाच. शाळा नवी, गंगाजळी रिकामी, भोंवतालचा समाज वैरी. निम्मा वर्ग ओस पडणें म्हणजे शाळेच्या जिवावरचें संकट होतें. पण चालकांनीं बसलेल्यांस उठविलें नाहीं, आणि गेलेल्यांची मनधरणीही केली नाहीं. त्यांनीं वाट पाहिली. १८६६-६७ च्या पटावर एकंदर १८७ विद्यार्थी होते. त्यांत ९६ कृष्णवर्णीय आणि ९१ गोरे. पुढें पंचवीस वर्षें हा तराजू साधारणपणें असाच राहिला.

हें कसें साधलें? नुसत्या उपदेशानें नव्हे. वसाहतींतल्या जमिनींचे तुकडे काळ्या व गोऱ्या कुटुंबांना एकाआड एक मिळावेत अशी जॉन फीची योजना होती. ‘यांचा वाडा’ आणि ‘त्यांचा वाडा’ असे दोन भाग गांवांत पडूं द्यावयाचे नाहींत, हा त्यांतला हेतु. मुलें शाळेंत येण्यापूर्वीं शेजारी म्हणूनच एकमेकांस ओळखत. शिकविणाऱ्यांतही भेद नव्हता. १८७० च्या सुमारास जूलिया ब्रिटन ही कृष्णवर्णीय तरुणी तेथें वाद्यसंगीत शिकवूं लागली, आणि तिच्या हाताखालीं गोरीं मुलेंही शिकूं लागलीं. तरुण मुलामुलींच्या परस्पर स्नेहाचा नाजूक प्रश्न निघाला तेव्हां विश्वस्तांनीं १८७२ सालीं केवळ वर्णभेदाच्या कारणावरून त्याला बंदी घालण्याचें नाकारलें. शेजार, शिक्षक, स्नेह, या तीन ठिकाणीं समता पोंचली होती; म्हणूनच ती बांकावर टिकली.

येथें एका तारखेचा योग सांगण्याजोगा आहे. १८७३ सालीं बेरियानें आपल्या पहिल्या पदव्या दिल्या. त्याच १८७३ सालीं पुण्यास जोतीराव फुले यांनीं आपलें ‘गुलामगिरी’ हें पुस्तक प्रसिद्ध केलें, आणि गुलामांस दास्यमुक्त करण्याच्या कामीं ज्यांनीं औदार्य व स्वार्थत्याग दाखविला त्या अमेरिकेंतील सज्जनांना तें अर्पण केलें. जोतीराव स्वतः स्कॉटिश मिशनच्या शाळेंत शिकलेले. त्यांनीं ज्या सज्जनांना नमस्कार केला त्यांत, नांवानें नव्हे तरी कामानें, जॉन फी येतोच.

ही झाली चढणीची हकीगत. आतां उतार.

१८९२ सालीं विल्यम गुडेल फ्रॉस्ट हे बेरियाचे अध्यक्ष झाले. ते कर्तबगार होते, द्रव्य मिळविण्यांत कुशल होते, आणि दुष्ट तर मुळींच नव्हते. अपॅलेशियन डोंगरांत राहणाऱ्या गरीब, अशिक्षित गोऱ्या लोकांकडे त्यांचें लक्ष गेलें. त्या लोकांची गरज खरी होती, आणि त्यांच्या नांवानें उत्तरेकडील श्रीमंतांकडून देणग्याही सहज मिळत. डोंगरी विद्यार्थ्यांची संख्या झपाट्यानें वाढली. कृष्णवर्णीय मुलांस कोणीं ‘येऊं नका’ म्हटलें नाहीं. पण त्यांना बोलावण्याची पूर्वीची आस्था ओसरली, आणि स्नेहसंबंधांची जुनी मोकळीकही राहिली नाहीं. कृष्णवर्णीय माजी विद्यार्थ्यांनीं याविरुद्ध आवाज उठविला. वृद्ध जॉन फीलाही हा पालट पसंत पडला नाहीं. तो १९०१ सालीं वारला. जेथें एके काळीं निम्म्याहून अधिक विद्यार्थी कृष्णवर्णीय होते, तेथें १९०४ पर्यंत त्यांचें प्रमाण पांचव्या हिश्श्याच्याही खालीं आलें. एका गरिबाची सोय करतां करतां दुसऱ्या गरिबाची जागा गेली, आणि हिशेबाच्या वहींत मात्र सर्वत्र वाढच दिसत होती.

अशा वेळीं बाहेरचा घाला आला. कार्ल डे नांवाच्या एका प्रतिनिधीनें १९०४ सालीं केंटकीच्या विधिमंडळांत एक विधेयक आणलें: काळ्या व गोऱ्या विद्यार्थ्यांना एकत्र शिकविणें हाच गुन्हा ठरावा. शिकविणाऱ्या संस्थेस एक हजार डॉलर दंड, आणि गुन्हा चालू राहील त्या प्रत्येक दिवसाला आणखी शंभर डॉलर. शिक्षकासही हजार डॉलर. एवढेंच काय, वर्गांत बसणाऱ्या विद्यार्थ्यालाही दररोज पन्नास डॉलर. एकाच संस्थेनें दोन वर्णांसाठीं दोन शाखा काढावयाच्या तर त्यांत निदान पंचवीस मैलांचें अंतर हवें. विधेयक प्रचंड बहुमतानें मंजूर झालें. त्या राज्यांत काळीं-गोरीं मुलें एकत्र शिकत असलेलें महाविद्यालय एकच होतें. तेव्हां हा कायदा कोणासाठीं केला हें निराळें सांगावयास नको.

बेरियानें हार न खातां न्यायालयाची पायरी चढली. राज्याच्या न्यायालयानें पंचवीस मैलांची अट तेवढी रद्द केली. मग खटला वॉशिंग्टनच्या सर्वोच्च न्यायालयांत गेला, आणि ९ नोव्हेंबर १९०८ रोजीं निकाल विद्यालयाच्या विरुद्ध लागला. बहुमताचा निकाल न्यायमूर्ति डेव्हिड ब्रूअर यांनीं लिहिला. विद्यालयाला सनद राज्यानेंच दिली आहे, म्हणून त्या सनदेच्या शर्तीही राज्याला बदलतां येतात, असा त्यांचा युक्तिवाद. हे ब्रूअर एका मिशनऱ्याचे चिरंजीव. त्यांचा जन्म तुर्कस्थानांतील स्मर्ना येथें बाप धर्मप्रचारार्थ गेला असतां झालेला. उलट, ज्यांनीं या निकालाविरुद्ध आपलें सविस्तर मत नोंदविलें ते न्यायमूर्ति जॉन मार्शल हार्लन केंटकींतील गुलाम बाळगणाऱ्या घराण्यांत जन्मलेले. त्यांनीं विचारलें कीं, खाजगी विद्यालयांत एकत्र बसणें जर राज्याला गुन्हा ठरवितां येतें, तर उद्यां रविवारच्या धर्मशाळेंत किंवा प्रभुभोजनाच्या वेळीं एकत्र येणें गुन्हा ठरविण्यास अडथळा तो कोणता? मिशनऱ्याच्या मुलानें दार लावावें आणि गुलामधन्याच्या मुलानें तें अडवून धरावें. जन्मावरून माणसाचें मोल ठरविणाऱ्यांनीं या जोडीचा अवश्य विचार करावा.

बेरिया गोऱ्यांचें राहिलें. कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना दुसऱ्या विद्यालयांत जाण्यासाठीं संस्थेनें साहाय्य दिलें, आणि त्यांच्यासाठीं मोठा निधि जमवून १९१२ सालीं शेल्बी परगण्यांत ‘लिंकन इन्स्टिट्यूट’ ही वेगळी शाळा काढली. अँड्रयू कार्नेजी यांची देणगी त्यांत मुख्य होती. शाळा चांगली चालली. तरी ती वेगळीच शाळा होती. बेरियांत शेवटीं शेवटीं शिकून गेलेल्यांत कार्टर वुडसन हा होता. गुलाम मातापित्यांचा हा मुलगा, कोळशाच्या खाणींत काम केलेला. त्यानें १९०३ सालीं बेरियाची पदवी घेतली, १९१२ सालीं हार्वर्डची डॉक्टरेट मिळविली, आणि १९२६ सालीं कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचा सप्ताह सुरू केला. एक वर्ष उशीर झाला असता, तर याच मुलाला वर्गांत बसल्याबद्दल रोज पन्नास डॉलर दंड झाला असता.

१९५० सालीं केंटकीच्या विधिमंडळानें त्या कायद्यांत दुरुस्ती केली, आणि बेरियानें त्याच वर्षीं आपलें दार पुन्हा उघडलें. सर्वोच्च न्यायालयानें शाळांतील वर्णविभागणी घटनाबाह्य ठरविली ती त्यानंतर चार वर्षांनीं, १९५४ सालीं. तरीही जुना तराजू लगेच परत आला नाहीं. आरंभीं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच कृष्णवर्णीय विद्यार्थी आले. दार लावावयास एक दिवस पुरतो. लावलेल्या दाराची आठवण पुसावयास एक पिढीही पुरत नाहीं.

कायदा नव्हता म्हणून इतर ख्रिस्ती संस्थांनीं काय केलें, याचे दोन दाखले देऊन हा विषय पुरा करतों. सेंट लुई येथील कॅथलिक आर्चबिशप जोसेफ रिटर यांनीं १९४७ सालीं आपल्या अधिकारांतील शाळांतून वर्णभेद काढून टाकण्याची आज्ञा दिली. कांहीं गोऱ्या पालकांनीं एकत्र येऊन न्यायालयांत जाण्याची धमकी दिली. रिटर यांनीं उत्तर दिलें कीं, जो असें करील त्याला धर्माबाहेर टाकण्यांत येईल. पालक गप्प झाले. बहिष्काराचें शस्त्र एरवीं दुबळ्यांवर चालतें. येथें तें बहिष्कार घालूं पाहणाऱ्यांवर उगारलें गेलें. दुसरा दाखला साउथ कॅरोलायनांतील बॉब जोन्स विद्यापीठाचा. तेंही ख्रिस्ती, तेंही बायबलच पुढें करणारें. परंतु १९७१ पर्यंत त्यानें कृष्णवर्णीय विद्यार्थी घेतले नाहींत, आणि पुढें घेतले तेव्हां भिन्न वर्णांच्या तरुणतरुणींच्या स्नेहास व विवाहास बंदी ठेवली. म्हणून सरकारनें त्याची करमाफी काढून घेतली, आणि १९८३ सालीं सर्वोच्च न्यायालयानें तें उचित ठरविलें. ती बंदी २००० सालीं उठली. जो प्रश्न बेरियाच्या विश्वस्तांनीं १८७२ सालीं सोडविला होता, त्याला येथें आणखी सव्वाशें वर्षांहून अधिक काळ लागला.

एकच धर्मग्रंथ, आणि त्यांतून निघालेल्या या दोन वाटा. तेव्हां शाळेचा निवाडा तिच्या भिंतीवरच्या वचनानें करतां येत नाहीं. तो करावयाचा तर कांहीं साधे प्रश्न विचारावे लागतात. पंगतीला कोण कोणाशेजारीं बसतें? शिकविणारे कोण आहेत? ज्यांच्यासाठीं दार उघडलें त्यांची संख्या दहा वर्षांत वाढली कीं घटली, आणि घटली असल्यास तें कोणाच्या लक्षांत आलें काय? बेरियाचा अन्याय कायद्यानें झाला हें खरें. पण कायदा येण्यापूर्वीं बारा वर्षें तेथील बांकावरची एक बाजू हळूहळू रिकामी होत होती, आणि तें होत असतां कोणाला दंड भरावा लागला नव्हता. १८६६ सालीं निम्मा वर्ग उठून गेला तेव्हां शाळेचें खरें नुकसान कांहींच झालें नाहीं. नुकसान झालें तें पुढें, जेव्हां पट भरलेला होता आणि कोण आलें नाहीं हें मोजण्याचें राहून गेलें.